शीट नंबर सतराची कड

कागद संपला म्हणून मी एक गल्ली मधोमध कापली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात लागून दीड वर्ष झालं होतं, आणि शुक्रवार होता. यातलं एकही कारण मी पुढची कित्येक वर्षं कुठे लिहिलं नाही. कागदावर फक्त रेघ होती, लाल शाईची, पट्टीला धरून ओढलेली. ती इतकी सरळ आली होती की साहेबांनी मला शाबासकी दिली.

आमच्या खात्यात सगळं शहर अठ्ठेचाळीस शीटवर काढलेलं आहे. सगळ्या शीट एका मापाच्या, कारण कपाटाचे खण एका मापाचे. शहर काही खणाच्या मापाने वाढत नाही, त्यामुळे एखाद्या शीटवर नुसतंच मैदान येतं आणि एखाद्या बिचाऱ्याचं स्वयंपाकघर सतरावर नि न्हाणीघर अठरावर जातं. टेबलाशी बसणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. दिवसभर उंटावरून शेळ्या हाकायच्या, संध्याकाळी शाईचे हात धुऊन घरी जायचं.

त्या वर्षी पाण्याचा जोर कमी पडायला लागला, म्हणून साहेबांनी त्या भागाचे दोन झोन करायचे ठरवले. वरच्या झोनला सकाळी सहाला पाणी, खालच्याला दुपारी चारला. हद्द कुठून घ्यायची ते त्यांनी मला नीट सांगितलं होतं. मोठा रस्ता बघा आणि त्याच्या कडेने घ्या, म्हणाले. मोठा रस्ता शीट अठरावर होता, दोन गल्ल्या पुढे. तिथपर्यंत हद्द न्यायची तर दोन शीट जोडून, वर नवा कागद लावून, सगळं पुन्हा गिरवायला हवं होतं. दोन दिवसांचं काम. शीट सतरा जिथे संपत होती तिथे एका गल्लीतलं अकरा नंबरचं घर संपून बारा नंबरचं सुरू होत होतं. मी म्हटलं, एक शीट एक झोन, कुणाला कळतंय. कुणाला कळलंही नाही. पुढच्या महिन्यात त्या जागी रस्ता खोदला, पाइपावर व्हॉल्व्ह बसवला आणि तो कायमचा बंद केला.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. स्थळ आणलं आमच्या चावीवाल्याने. चावीवाला म्हणजे छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी सायकलला बांधून फिरणारा, रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडणारा आणि मिटणारा माणूस. कुठल्या घरात कोण उपवर आहे आणि कुठल्या घरात चोरून मोटर लावतात, हे त्याला सारखंच पाठ. मुलगा चष्म्याच्या दुकानात आहे, घर स्वतःचं आहे, आई तोंडाने फटकळ पण मनाने बरी, असं त्याने सांगितलं. घर नंबर अकरा. मी पत्ता ऐकला तेव्हा मला नकाशा आठवला नाही. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात गेले, भिंतीपलीकडच्या नळाला पाणी का नाही म्हणून विचारलं, तेव्हा आठवला.

अकरा आणि बारा ही दोन सख्ख्या भावांची घरं. मधे एक भिंत, मागच्या अंगणात त्याच भिंतीत एक बुटकं दार. अकरामध्ये माझ्या सासूबाई, बारामध्ये त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे माझी चुलत सासू. तिला आम्ही काकू म्हणतो. पूर्वी एकाच वेळी पाणी यायचं तेव्हा ते दार दिवसभर उघडंच असायचं. दोघी एकत्र धुणं धुवायच्या, एकत्र टाक्या घासायच्या, आणि नवऱ्यांच्या घराण्याची एकत्र यथासांग निंदा करायच्या. हे मला सासूबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आलं होतं.

माझी रेघ पडली आणि दोघींचा दिवस वेगळा झाला. सासूबाई पहाटे उठून पाणी भरायच्या आणि दुपारी आडव्या व्हायच्या. काकूंचं सगळं घर दुपारी जागं व्हायचं. भांडण झालं नाही. फक्त एकीला सवड असायची तेव्हा दुसरीचे हात ओले असायचे. दार आधी लोटलेलं राहायला लागलं, मग नुसतं मिटलेलं.

तीस वर्षं हेच काम करून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आपण समजतो की माणसं आपल्या मनाने एकमेकांकडे जातात. मन वगैरे नंतर. आधी वेळापत्रक. आमच्या गल्लीत वरच्या घरांना सहावाले म्हणतात आणि खालच्यांना चारवाले. सहावाल्यांच्या बायका सहावाल्यांच्या बायकांना ओळखतात, त्यांची मुलं त्यांच्या मुलांबरोबर खेळतात. चारवाले आळशी असतात असं सहावाल्यांचं ठाम मत आहे, आणि सहावाले आगाऊ असतात असं चारवाल्यांचं. मी एकदा माझ्या जावेच्या तोंडून, तीही अकरा नंबरचीच, हे वाक्य ऐकलं: चारवाल्यांकडची मुलगी करू नये. पाइपातलं पाणी दोघांकडे एकाच तलावातून येत होतं. मला हसावं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं, कळेना.

खरं तुटलं ते माझ्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात. खालच्या झोनची मुख्य वाहिनी फुटली आणि चारवाल्यांना नऊ दिवस पाणी आलं नाही. त्याच आठवड्यात काकांचं पोटाचं ऑपरेशन होऊन ते घरी आले होते. आजाऱ्याच्या घरात पाणी किती लागतं ते ज्याने केलं आहे त्याला विचारा. पहिले पाच दिवस सासूबाईंनी दारातून बादल्या दिल्या. सहाव्या दिवशी कुणीतरी सांगत आलं की आता वरच्यांचंही पाणी बंद होणार आहे. सासूबाईंनी दाराला आतून कडी घातली. काकू दोन बादल्या घेऊन आल्या, कडी वाजवली, हाक मारली. सासूबाई आतून म्हणाल्या, आमचंच पुरत नाही. काकूंनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. भर उन्हात त्या गल्लीच्या टोकाला, तिथून पुढे शाळेच्या नळापर्यंत चालत गेल्या आणि बादल्या भरून चालत परत आल्या. रोज सहा खेपा. मी माडीच्या खिडकीतून मोजल्या.

आमचं पाणी बंद झालंच नाही. काका बरे झाले, पुढे चांगली पंधरा वर्षं जगले, पण काकूंनी त्या दारावर पुन्हा हात ठेवला नाही. दिसल्या तर मान वळवायच्या. लोक म्हणायचे, या दोघी एकमेकींना पाण्यात पाहतात, आणि हे आमच्या खात्यातल्या माणसांनी म्हटलेलं मला विशेष झोंबायचं. काका गेले तेव्हा सासूबाई पुढच्या दाराने भेटायला गेल्या, बायकांत बसल्या, आणि तशाच परत आल्या.

सासूबाईंनी मात्र सगळ्याचा दोष एका ठिकाणी नेऊन ठेवला होता. पाण्याच्या वेळांनी घरं तोडली, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. ज्या मेल्याने ही वाटणी केली त्याच्या हाताला काही लाजलज्जा असेल का, असं विचारायच्या. ते विचारताना चहाचा कप त्याच हातांतून घ्यायच्या. मी अळीमिळी गुपचिळी करून राहिले. आमच्या ह्यांनाही सांगितलं नाही. दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून ह्यांनी जन्म घालवला, घरातलं मात्र कधी डोळ्यांवर घेतलं नाही, त्यामुळे लपवणं जड गेलं नाही. जड गेलं ते रोज सकाळी सहाला तोटी सोडताना. पलीकडे काकू जाग्या असायच्या, खोकला ऐकू यायचा, आणि त्यांचा नळ कोरडा असायचा.

आता माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं आहे. खात्यात नव्या इंजिनीअर मॅडम आल्या. त्यांनी सगळ्या शीट संगणकावर जोडायला घेतल्या आणि जुनं ठाऊक असलेली म्हणून मला शेजारी बसवलं. सतरा आणि अठरा जोडल्या तशी माझी लाल रेघ पडद्यावर उघडी पडली. चारही बाजूंनी घरं, आणि मधून ही रेघ, धड रस्त्यावरून नाही की ओढ्यावरून नाही. मॅडमनी विचारलं, ही हद्द इथे का? मी म्हटलं, जुन्या साहेबांनी ठरवली होती. साहेब वारून अकरा वर्षं झाली. मेलेल्या माणसाच्या अंगावर किती पटकन ढकलता येतं, याचं मला घरी येईपर्यंत नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे जाऊन खरं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"कागद संपला म्हणून?"

"कागद संपला म्हणून," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. हद्द मोठ्या रस्त्यापर्यंत सरकवू म्हणाल्या, सगळ्या गल्लीला सकाळी सातची एकच वेळ देऊ. मात्र रीत अशी होती की बदलाचं कारण लिहून नोटीस हद्दीवरच्या घरांना द्यायची, आणि पंधरा दिवसांत कुणी लेखी हरकत घेतली तर हद्द पुढच्या फेरआखणीपर्यंत, म्हणजे पाच वर्षं, जागची हलवायची नाही. कारण मीच लिहिलं. सदर हद्द नकाशाच्या कागदाची कड आली म्हणून आखली गेली होती. आमचं घर सासूबाईंच्या नावावर आहे. नोटीस त्यांच्याच हातात पडली.

मी कामावरून आले तेव्हा त्या ओट्यावर नोटीस घेऊन बसल्या होत्या. वय एकोणऐंशी, पण वाचन स्वतःचं स्वतः. कागदाची कड म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं. नकाशाचा कागद तिथे संपत होता, असं मी सांगितलं.

"आणि आखणारा कोण?"

"मी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग विचारलं, लग्नाआधी? दोन वर्षं आधी, मी म्हटलं.

"म्हणजे तू या घरात येण्याआधीच घरात शिरली होतीस," त्या म्हणाल्या.

मी वाट बघत होते की आता बोलतील, इतकी वर्षं त्या मेल्याला जे बोलत आल्या ते सगळं माझ्या तोंडावर बोलतील. मला ते हवंच होतं. त्यांनी पेन मागितलं. हरकत कुठे लिहायची ते दाखव, म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी समजावून सांगितलं की हा बदल चांगला आहे, दोन्ही घरांना एकाच वेळी पाणी येईल, पूर्वीसारखं.

"तेच नको आहे मला. इतकी वर्षं वेळेवर ढकलत आले. वेळ वेगळी, म्हणून भेट नाही. भेट नाही, म्हणून बोलणं नाही. उद्या वेळ एक झाली आणि तरी ती बोलली नाही, तर मी कुणाला बोल लावू?"

सून म्हणून गप्प बसायची मला सवय होती. त्या दिवशी बसवलं नाही.

"त्या दिवशी टाकी भरलेली होती," मी म्हटलं. "तुम्ही कडी घातलीत तेव्हा. झाकण मी उचलून बघितलं होतं."

त्यांनी नोटिशीची घडी घातली. "रेघ तुझी," त्या म्हणाल्या. "कडी माझी. आणि तू बघितलंस."

"बघितलं."

"बोलली नाहीस."

"नाही."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही आणि त्यांनी थांबवलं नाही. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा त्या उठून आत गेल्या. नोटीस आणि पेन दोन्ही घेऊन गेल्या.

पुढचे पंधरा दिवस टपालाची पेटी रोज सकाळी मीच उघडायची असल्यासारखी मी आवक-जावकच्या टेबलाशी घुटमळायचे. हरकती तीन आल्या. एका सहावाल्याची होती की चारवाल्यांची संगत लागेल, असं स्वच्छ शब्दांत. पण तो हद्दीवरचा नव्हता, म्हणून बाद झाली. बाकी दोन दुसऱ्याच भागातल्या. अकरा नंबरहून काही आलं नाही. बारा नंबरहूनही नाही. काकूंनी हरकत घेतली नाही याचा अर्थ काय, हे घरात कुणी बोललं नाही, पण सासूबाईंनी मला दोनदा विचारलं की सगळे कागद नीट बघितलेस ना.

व्हॉल्व्ह उघडायला चावीवाला स्वतः आला. त्याचीही निवृत्ती जवळ आली आहे. तेहेतीस वर्षं न फिरलेला व्हॉल्व्ह, गंजून नुसता दगड झाला होता. तेल सोडलं, तिघे जण चावीला लोंबकळले, शिव्याही सढळ हाताने घातल्या, तेव्हा कुठे तो कुरकुरत फिरला. चावीवाल्याने मला हळूच विचारलं की हा इथे बसवला होता तरी कशाला. मी त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, बाई, मी तुमचं स्थळ आणलं तेव्हा हे माहीत असतं तर हुंडा म्हणून हाच व्हॉल्व्ह उघडून मागितला असता.

पहिल्या दिवशी सातला पाणी आलं तेव्हा सासूबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या. मी टाकी भरली. पलीकडे काकूंचा मुलगा भरत होता. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. पलीकडे पुन्हा मुलगाच. आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, बरं झालं, आता पाण्याची कटकट मिटली. मी कप जरा जोरातच ठेवला.

तिसऱ्या दिवशी मी अंगणात गेले तर सासूबाई आधीच टाकीशी स्टुलावर बसलेल्या होत्या. तोटी पूर्ण सोडलेली, पाणी जोरात पडत होतं. त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली. त्या भिंतीपलीकडचं ऐकत होत्या. पलीकडच्या टाकीत पाणी अगदी बारीक पडत होतं. तिथे काठीचा आवाज होता, आणि तो ओळखीचा खोकला.

हे असंच व्हायचं. पाइप एक, आमचं घर आधी लागतं, आमची तोटी पूर्ण सोडली की पुढच्या घराचा जोर जातो. वेगळ्या वेळा होत्या तेव्हा एकीच्या घेण्याने दुसरीचं काही कमी होत नव्हतं. मी हे त्यांना सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना ते आधीच कळलं होतं. टाकी अर्धीही भरली नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि तोटी बंद केली.

पलीकडची धार एकदम मोठी झाली. पाणी धबाधबा पडायला लागलं. मिनिटभर पडलं असेल. मग तेही थांबलं. इतक्यात टाकी भरणं शक्य नव्हतं. दोन्ही अंगणं गप्प झाली, आणि आम्हा दोघींचं पाणी खाली कुठेतरी, गल्लीच्या टोकाच्या घरांकडे वाहत राहिलं.

"जाऊबाई," भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, "तुम्ही नळ का बंद केलात?"

सासूबाईंचा हात तोटीवरच होता. मला वाटलं त्या उठून आत निघून जातील.

"तू भर आधी," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळची तुझी बादली राहिली आहे."

पलीकडे काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग पाणी पडायला लागलं.